क्वेर्सेटिन आणि हर्ग चॅनेल: सगळं अडतं ते द्रावणापाशी (माझा अनुभव)

वनस्पतींतले फ्लॅव्होनॉइड (रंगद्रव्यांच्या कुळातले रेणू) पोटॅशियम चॅनेलवर, म्हणजे पेशीपटलातल्या पोटॅशियमच्या वाटांवर, काय करतात हे पॅच-क्लॅम्पवर (पेशीला काचेची सूक्ष्म नळी चिकटवून करंट मोजण्याच्या तंत्रावर) पाहायचं म्हटलं की सगळे सीलची, म्हणजे नळी आणि पेशीपटल यांच्या घट्ट जोडाची, धास्ती घेतात. हर्ग (हृदयाच्या पेशींतला एक पोटॅशियम चॅनेल) असलेल्या एचईके-२९३ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी), २ ते ४ मेगाओहमचं पिपेट, १ गिगाओहमच्या वरचं सील. हात बसला की हे जमतं. प्रोटोकॉलही सरळ: −८० मिलिव्होल्टवर धरायचं, +२० वर २ सेकंद, मग −५० वर आणून टेल करंट (व्होल्टेज खाली आणल्यावर वाहणारा शेवटचा करंट) मोजायचा. हर्ग निष्क्रियतेतून झटकन सुटतो आणि बंद मात्र सावकाश होतो, म्हणून करंट इथेच ठसठशीत दिसतो.

माझं घोडं पेंड खात होतं ते क्वेर्सेटिन या फ्लॅव्होनॉइडच्या द्रावणापाशी. तो वैताग अजून गेलेला नाही, कारण छापील पद्धतींत या पायरीला बहुधा ‘डीएमएसओमध्ये विरघळवले’ (डीएमएसओ हा एक सेंद्रिय द्रावक) एवढंच वाक्य मिळतं.

आधी लेबल वाचा. निर्जल क्वेर्सेटिनचा रेणुभार ३०२.२, डायहायड्रेटचा ३३८.३. डायहायड्रेट असताना १ मिलिलिटरला ३.०२ मिलिग्रॅम घेतलं तर साठा (नंतर पातळ करायचं घट्ट मूळ द्रावण) १० ऐवजी जेमतेम ९ मिलिमोलर होतो. १० मिलिमोलरच्या साठ्यातून, डीएमएसओ ०.१ टक्क्यावर ठेवून, बाथमध्ये (पेशींभोवतीच्या द्रावणात) १० मायक्रोमोलर मिळतात. १०० हवेत म्हणून साठा दहापट घट्ट केला की खरी पंचाईत सुरू होते. पाण्यात पडताच क्वेर्सेटिनचे सूक्ष्म कण बनतात. डोळ्यांना द्रावण स्वच्छच दिसतं, पण मोकळे रेणू वाढत नाहीत. आलेख वर जाऊन सपाट होतो आणि आपण त्याला ‘अर्धवट अवरोध’ म्हणून मोकळे होतो. द्रावण जोरात सेंट्रिफ्यूज करून ३७० ते ३८० नॅनोमीटरवरचं शोषण आधी आणि नंतर मोजा. वरच्या द्रवातलं शोषण घटलं तर ती मात्रा आलेखात घेऊ नका.

दुसरा त्रास त्याहून चिवट. क्वेर्सेटिनच्या बी-कड्यावर कॅटेकॉल (शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट) असतो. पीएच ७.४ ला, त्यातही ३७ अंशांवर किंवा ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या बाटलीत, तो हवेनेच ऑक्सिडाइज होतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेरॉक्साइड स्वतःच पोटॅशियम चॅनेलचं वागणं बदलू शकतं. मग दिसलेला परिणाम फ्लॅव्होनॉइडचा की पेरॉक्साइडचा? कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं विकर) घालून तोच प्रयोग पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर उत्तर मिळालं. केम्फेरॉल हा फ्लॅव्होनॉइड तुलनेला उत्तम, त्यात कॅटेकॉल नाही. पातळ केलेलं द्रावण दर पेशीला ताजं, अंधारात ठेवलेलं. सकाळचं दुपारी वापरायचं नाही. शंका आली तर स्पेक्ट्रम काढा. तेच ३७० ते ३८० नॅनोमीटरवरचं शिखर खाली आलेलं दिसेल.

नळ्यांचं सांगायचं राहिलं. सिलिकोनची नळी असे रेणू शोषते आणि नंतर थोडे थोडे सोडत राहते, त्यामुळे वॉशआउट (औषध धुऊन काढणं) लांबतो आणि दर वेळी वेगळा येतो. टेफ्लॉनच्या नळ्या, काचेची भांडी वापरा. बाथमध्ये सीरम किंवा अल्ब्युमिन नको, फ्लॅव्होनॉइड त्याला चिकटतात.

नारिंजेनिन हा दुसरा फ्लॅव्होनॉइड हर्गला रोखतो, पण बेडकाच्या अंडपेशीत त्याचा जोर एचईके पेशींपेक्षा कमी दिसतो. अंडपेशीतला पीतक बराच माल ओढून घेतो, म्हणून दोन्हींकडचे आकडे एका तक्त्यात टाकू नयेत. जेनिस्टीन हे आणखी एक फ्लॅव्होनॉइड टायरोसिन कायनेजही (प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी विकरं) रोखतं; त्यासोबत डेडझीन (तसाच, पण कायनेज न रोखणारा रेणू) चालवल्याशिवाय चॅनेलबद्दल काही लिहू नये. तरी एक वाट उरतेच: हे रेणू पेशीपटलाच्या मेदस्तरात शिरून त्याचे गुणधर्म बदलतात, आणि दहा-वीस मायक्रोमोलरच्या पुढे एकमेकांशी नातं नसलेल्या चॅनेलवरही परिणाम होतो. यासाठी वाय६५२ए आणि एफ६५६ए हे उत्परिवर्तित हर्ग (छिद्रातलं एकेक अमिनो आम्ल बदललेले) हाताशी ठेवा. हर्गचे बहुतेक अवरोधक छिद्रातल्या याच जागी बसतात. तिथेही अवरोध तसाच राहिला, तर रेणू नेहमीच्या जागी बसत नसावा असं धरून चाला.

बेसलाइन किमान ५ मिनिटं स्थिर हवी, नाहीतर रनडाउन (करंटची आपोआप होणारी घट) हाच औषधाचा परिणाम वाटतो. कंट्रोल द्रावणातही ०.१ टक्का डीएमएसओ हवाच. शेवटी १ मायक्रोमोलर ई-४०३१ (हर्ग पूर्ण रोखणारं औषध) देऊन उरलेला करंट वजा करा.