कचरा कुणाच्या तरी हातात जातो

सकाळी खालून शिट्टी ऐकू येते, आपण डबा दाराबाहेर सरकवतो, दार लावून घेतो. आपल्यापुरता कचरा तिथे संपला. पण तो डबा कुणीतरी उचलतं, रिकामा करतं आणि अजूनही बहुतेक गावांत हाताने चिवडून त्यातलं ओलं-सुकं वेगळं करतं. पुण्यात हे काम मोठ्या प्रमाणावर ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका करतात. ज्या संघटनेतून ही संस्था उभी राहिली, ती कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालची. म्हणजे या बायका आपले प्रश्न तीस वर्षांहून जास्त काळ मांडत आहेत, आणि त्यातले निम्मे प्रश्न घरातल्या घरात, ओट्यापाशी उभं राहून सुटण्यासारखे आहेत.

कचरा निवडताना डोळ्यांपेक्षा बोटांचं काम जास्त असतं. पिशवीला घट्ट गाठ मारलेली असते, गाठ सोडत बसायला वेळ नसतो, म्हणून पिशवी फाडायची आणि आत हात घालायचा. तिथे काय आहे हे हात घातल्यावरच कळतं. हातमोजे असले तरी ओल्या कचऱ्यात ते निसरडे होतात, आणि काच किंवा सुई साध्या हातमोज्यातून सहज आरपार जाते. पुढच्या सगळ्या सवयींमागे हे एवढंच कारण आहे.

सुरुवात काचेपासून करू, कारण जखमा तिनेच होतात आणि आपण ती सगळ्यात निष्काळजीपणे टाकतो. ग्लास फुटला की तुकडे सुपलीत भरून थेट ओल्या कचऱ्याच्या डब्यात, वर चहाचा चोथा. झालं! आता ती काच कुणालाच दिसणार नाही. योग्य पद्धत अशी: पायांत चप्पल घाला, मोठे तुकडे उचलून वर्तमानपत्राच्या दोन अख्ख्या पानांवर ठेवा. बारीक चुरा ओल्या कागदाने किंवा कणकेच्या छोट्या गोळ्याने टिपा आणि तो गोळाही त्याच कागदात घाला. कागदाचे किमान चार थर येतील अशी गुंडाळी करा, दोन्ही टोकं आत दुमडा, मग ती औषधाच्या किंवा मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घालून सगळ्या कडांना चिकटपट्टी लावा. खोका कानाशी धरून हलवून बघा. आत खुळखुळ होत असेल तर कागदाचे बोळे कोंबा. हलणारी काच प्रत्येक धक्क्याला पुठ्ठ्यावर आपटत राहते आणि संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातून बाहेर डोकावते. वर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा आणि लाल फुलीही काढा, कारण वाचता येईलच असं गृहीत धरू नये. हा खोका डब्यात टाकायचा नाही. हातात द्यायचा आणि तोंडाने सांगायचं, “मावशी, यात काच आहे.”

नुसत्या कॅरीबॅगेत काच बांधून दिली तर ती पिशवी पोत्यात जाते, पोतं पाठीवर जातं आणि टोक पाठीत घुसतं. कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकली तर कागद भिजून फाटतो. दोन्ही चुका चांगल्या हेतूने होतात, म्हणून मुद्दाम सांगितल्या.

दाढीचं ब्लेड, टाचण्या, स्टेपलच्या पिना यांच्यासाठी पत्र्याचा एक जुना डबा बाथरूमच्या कोनाड्यात ठेवून द्या. झाकणाला ब्लेडएवढी फट पाडली की पुन्हा उघडायचं कामच नाही. असा डबा भरायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

मधुमेहाच्या सुयांचं काम जास्त नाजूक आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात रोज एक ते चार सुया निघतात, शिवाय साखर तपासताना बोटाला टोचायच्या सुया वेगळ्या. त्या पाण्याच्या पातळ बाटलीत भरू नका, सुई त्यातून बाहेर येते. कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड प्लास्टिकची बाटली घ्या. इन्सुलिनच्या पेनची सुई तिचं मोठं बाहेरचं टोपण लावून फिरवून काढा आणि टोपणासकट बाटलीत टाका. सिरिंजच्या सुईला मात्र टोपण परत लावायला जाऊ नका आणि ती वाकवू नका, बोटाला टोचते ती त्याच वेळी. बाटली तीन चतुर्थांश भरली की थांबा, झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळा आणि ‘सुया’ असं लिहा. तुमचा दवाखाना किंवा रक्त तपासायची लॅब ही बाटली घेते का ते आधी विचारा, कारण त्यांच्याकडचा वैद्यकीय कचरा वेगळ्या गाडीने जातो. ते घेत नसतील तर ती घातक कचरा म्हणून वेगळी, सांगून द्या. सुक्या कचऱ्यात ती मुकाट्याने गेली तर कुणीतरी चांगली जाड बाटली भंगारात विकता येईल म्हणून ती उघडून उपडी करेल. त्या सुईवर कुणाचं रक्त होतं हे तिला कसं कळणार? कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही, सगळ्याचीच भीती घेऊन तिने तपासण्या करत बसायचं.

सॅनिटरी पॅडबद्दल घराघरांत बोलणं टाळलं जातं आणि त्याचा त्रास कचरा निवडणारीला होतो. काळ्या पिशवीत घालून गाठ मारली की आपल्याला वाटतं झाकलं गेलं. पण काळ्या पिशवीत काहीही असू शकतं, म्हणून ती उघडली जातेच. पुण्यातल्या वेचकांच्या लाल ठिपक्याच्या मोहिमेने यावर फार सोपा उपाय दिला. पॅडची घडी करून वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात गुंडाळा, सुटणार नाही असं बांधा आणि वर लाल पेनाने ठळक ठिपका काढा. लाल ठिपका दिसला की उघडायचं नाही, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही पॅड आणि डायपर नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावरच टाकली होती. वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे आणि एक लाल पेन बाथरूममध्ये टांगून ठेवा, म्हणजे घरातल्या मुलीला कुणाला विचारायला जावं लागणार नाही. पॅड कमोडमध्ये मात्र कधीही टाकू नये. ते पाणी शोषून फुगतं आणि पाइप तुंबवतं, आणि मग ते काढायलाही कुणालातरी हात घालावा लागतो. डायपरमधली शी आधी कमोडमध्ये झटकून टाका, मग डायपर गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करा आणि त्यालाही कागद व लाल ठिपका.

ओल्या कचऱ्यात पाणी नको. उरलेली आमटी, ताक, भाताची पेज डब्यात ओतली की ते तळाशी साचतं, आणि डबा खांद्याच्या उंचीवर उचलून गाडीत उपडा करताना कोपरापर्यंत हातावर ओघळतं. जुनी चाळणी सिंकमध्ये ठेवून उष्टं-खरकटं त्यात पाच मिनिटं निथळू द्या, तेवढ्याने ओझं बरंच कमी होतं. डब्याच्या तळाला वर्तमानपत्राची दुहेरी घडी घातली तर डबा उपडा करताच सगळं एकदम सुटतं, आपटावा लागत नाही. आतून प्लास्टिकची पिशवी लावू नका. डबा रिकामा होऊन आला की त्यात तांब्याभर पाणी खळबळून घ्या. चार दिवस न धुतलेल्या डब्याचा वास आपण नाकाला पदर लावून सहन करतो, ती रोज कितीतरी डबे उचलते.

सुक्या कचऱ्यातून तिचं पोट चालतं, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. कागद, पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या विकून येणारे पैसे हा तिच्या कमाईचा भाग असतो. भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही, आमटी सांडलेल्या कागदाला तर अजिबात नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, कात्री थोडी आधी थांबवा, म्हणजे तुकडा पिशवीलाच लटकून राहतो. सुटा झालेला तो नखाएवढा त्रिकोण पुढे कुठल्याच चाळणीत सापडत नाही, गटारात जातो. पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून हलवा, ते पाणी तुळशीला किंवा कुंडीत घाला आणि पिशवी नळावर उलटी अडकवा. दुसऱ्या दिवशी ती कोरडी, बिनवासाची असते.

मोबाइलची फुगलेली बॅटरी, पॉवर बँक हे सुक्या कचऱ्यात नाहीच. कचरा दाबणाऱ्या गाडीत लिथियमची बॅटरी चेपली की आतले थर एकमेकांना भिडतात आणि पेट घेतात, भोवती तेव्हा कागद आणि प्लास्टिकच असतं. टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यासाठी बाजूला ठेवा. सीएफएल दिवा आणि ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो. ती अख्खीच, तिच्या पुठ्ठ्याच्या नळीत घालून द्या. घरात फुटली तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, झाडू न फिरवता कडक पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा आणि चुरा चिकटपट्टीने उचला. संक्रांतीनंतर गच्चीवर उरलेला मांजा तसाच टाकू नका. बोटांभोवती गुंतला आणि पलीकडून ओढ बसली की तो पातीसारखा कापतो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, मग कात्रीने दोन्ही बाजूंनी कापा, म्हणजे वीतभर तुकडेच उरतील.

आता वागण्याबद्दल थोडं. डबा रात्री बाहेर ठेवू नका. मांजर आणि उंदीर तो पसरतात आणि सकाळी झाडायला तीच वाकते. वरच्या मजल्यावरून पिशवी खाली फेकणं तर कुठल्याच कारणाने माफ नाही. महिन्याचे पैसे ठरल्या तारखेला काढून ठेवा, “उद्या ये” म्हणून तीन खेपा घालायला लावू नका. उन्हाळ्यात पाणी विचाराल तर घरातल्याच पेल्यात द्या. तिचं नाव माहीत नसेल तर विचारा आणि पोरांना ताई किंवा मावशी म्हणायला शिकवा. तिच्या सुट्टीच्या दिवशी डबा घरातच ठेवा. आणि दिवाळीच्या सफाईत जुनी गादी, मोडकी खुर्ची, पडद्याचे दांडे निघणार असतील तर आदल्या दिवशी सांगा, “ताई, उद्या सामान जास्त आहे, कुणाला बरोबर आणाल का?” त्या जास्तीच्या कामाचे पैसे वेगळे ठरवा, आणि गादी जिन्यावरून खाली आणायला एक टोक आपण धरा.