तिला साक्षीला बोलावायचं नाही

खाजगी शाळेतल्या शिक्षकाची नोकरी नेमकी कशी जाते, हे बऱ्याच शिक्षकांनाही माहीत नसतं. आरोप आला की गावात दोनच गोष्टी ऐकू येतात, ‘काढून टाकलं’ किंवा ‘दाबून टाकलं’. मधला सगळा रस्ता १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत आहे. निलंबन, पहिले चार महिने अर्धा पगार, आरोपपत्र आणि मग तिघांची चौकशी समिती. एक संस्थेचा, तोच निमंत्रक. एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आणि एक आरोप असलेल्या कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला, कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी. हा तिसरा माणूस म्हणून मी बऱ्याच चौकशांना बसलो आहे. रजेचे वाद, मुख्याध्यापकांशी भांडणं, खोटी पटसंख्या, असलीच प्रकरणं असायची. विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, प्रकरण पोक्सोचं आहे. पण मी आरोपी नाही.” पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा.

झालं होतं ते असं. शाळा, गाव सांगत नाही, काही तपशीलही गाळतो आहे. आठवीतली एक मुलगी शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाईंना म्हणाली, मला घरी जायचं नाही. मग कारण सांगितलं. घरातलाच एक नातेवाईक होता. बाईंनी तिला आपल्या स्कूटरवर बसवून आजीकडे नेऊन सोडलं. शनिवारी किरकोळ रजा टाकून त्या मुलीच्या आईला भेटल्या. आई म्हणाली, दोन दिवस द्या, मी स्वतः येते शाळेत. सोमवारी सकाळी दोघी मुख्याध्यापकांसमोर बसल्या, लेखी दिलं, आणि मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी पोलिसांना कळवलं. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, बालकल्याण समितीने मुलीला आजीकडेच राहू दिलं. पोलिसांनी बाईंना साक्षीदार केलं. संस्थेने त्यांना निलंबित केलं.

आरोप तीन होते. घटना माहीत असूनही वेळेत न कळवणे, विद्यार्थिनीला परवानगीशिवाय स्वतःच्या वाहनावरून नेणे आणि पालकांशी परस्पर बोलणे. पहिल्या आरोपात लिहिलं होतं, ‘पोक्सो कायद्याने बंधनकारक केलेल्या २४ तासांत’. हे वाचून मला संताप आला. एका बाईची नोकरी घ्यायला निघालात, तर निदान कलम उघडून वाचा. त्या कायद्यातले २४ तास पोलिसांसाठी आहेत, बालकल्याण समितीला कळवायचे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये निघालेल्या शासन निर्णयातही २४ तास येतात, पण ते शाळेने शिक्षण खात्याला कळवण्याबद्दल आहेत. पोक्सोच्या कलम १९ मध्ये तुमच्या-माझ्यासाठी तासांची मुदतच नाही, म्हणजे थांबायला सवडही नाही. खात्री असण्याचीही अट नाही, असं काही घडेल अशी शंका आली तरी कळवायचं. घडलेला गुन्हा न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हा हाताखालच्या माणसाचा असेल तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. बाईंना मी आधीच सांगून टाकलं होतं की आरोपपत्रातली ही चूक तुम्हाला सोडवणार नाही, कायदा त्यांनी लिहिलंय त्याहून कडक आहे. शुक्रवार ते सोमवार हा उशीर झालाच आहे. त्यांनी मान डोलावली. “मला तेव्हा फक्त तिची ती रात्र दिसत होती,” म्हणाल्या.

संस्थेचा खरा भर मात्र बुधवारवर होता. शुक्रवारी नाही, बुधवारीच मुलीने बाईंना सगळं सांगितलं होतं आणि बाईंनी मुलीला आणखी दोन रात्री त्याच घरात जाऊ दिलं, असं त्यांचं म्हणणं. हे सिद्ध झालं तर मीसुद्धा बाईंच्या बाजूने हात वर केला नसता. बाईंचं म्हणणं, बुधवारी ती फक्त रडली, पोटात दुखतंय म्हणाली.

ज्या बैठकीबद्दल लिहायला बसलो आहे, ती या बुधवारबद्दलची होती.

सुरुवातीलाच अडलं. साक्षीदारासमोर ठेवलेल्या आरोपपत्राच्या प्रतीत मुलीचं पूर्ण नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, वडिलांचं नाव, सगळं टाइप केलेलं. माझ्याकडे आधी आलेल्या प्रतीत नाव नव्हतं, ही वेगळीच प्रत होती. मुलांच्या सुरक्षेचा भंग केला म्हणून चौकशी, आणि त्याच चौकशीच्या कागदावर पीडित मुलीचं नाव, तेही बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेलं. मी म्हटलं, हे परत घेतल्याशिवाय कामकाज पुढे जाणार नाही. संस्थेचे सचिव म्हणाले, “हा आतला कागद आहे.” बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मी वाचून दाखवलं. अशा मुलाची ओळख कुठल्याही चौकशीच्या संदर्भात उघड करायची नाही, असं त्यात आहे. बराच वेळ वाद झाला. शेवटी सगळ्या प्रती गोळा केल्या, फाडल्या, आणि इतिवृत्तात ‘विद्यार्थिनी अ’ असं लिहायचं ठरलं. या कामात मला कधी समाधान मिळालं असेल तर ते त्या एका तासात.

मग साक्ष. भाषा शिकवणाऱ्या सहकारी बाई. बुधवारी मधल्या सुट्टीत त्यांनी प्रयोगशाळेच्या दारात मुलीला रडताना आणि बाईंना तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलताना पाहिलं होतं. उलटतपासणीत बाईंनी स्वतः विचारलं, “तुम्ही काय ऐकलंत?” काही नाही. “मुलगी रडताना पाहून तुम्ही काय केलंत?” त्या म्हणाल्या, “माझा पुढचा तास होता.” त्यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. आपल्या शाळांत बहुतेकांनी तेच केलं असतं. पण शंका आल्यास कळवा हा नियम लावायचा तर तो त्या दारासमोरून गेलेल्या प्रत्येकाला लावा. जी थांबली, तिलाच पकडता?

आणि प्रशिक्षणाचं म्हणाल तर तीही फाइल मी मागवली होती. एका शनिवारी दुपारी सगळ्यांना वर्गात बसवून स्लाइड वाचून दाखवल्या, सह्या घेतल्या, फोटो पाठवले. एखादं मूल समोर उभं राहून सांगू लागलं तर त्या क्षणी काय म्हणायचं, कुणाला फोन लावायचा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर काय सांगायचं, घरी पाठवायचं नसेल तर मुलाला कुठे ठेवायचं, यातलं त्यात काही नव्हतं. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असायची ती सखी सावित्री समिती कागदावर होती. तिच्या बैठकांच्या वहीत सगळ्या सह्या एकाच शाईच्या. बदलापूरनंतर शाळेत कॅमेरे आले, आणि त्याहून जास्त आली ती भीती. मुलांसाठीची नाही, आपल्यावर काही येऊ नये याची.

साक्ष तोकडी पडली तसे सचिव म्हणाले, “मग मुलीलाच बोलावू. आजीसोबत येऊ दे. पाच मिनिटांचं काम आहे.”

खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. बुधवार की शुक्रवार, हे त्या मुलीशिवाय कुणीच सांगू शकत नव्हतं. प्रश्न कसे विचारायचे, कोण विचारेल, समुपदेशक बसवायचा, हे सगळं माझ्या मनात तयार होतं. ती ‘शुक्रवारी’ म्हणाली असती तर प्रकरणाचा कणाच मोडला असता. मी बाईंना बाहेर व्हरांड्यात नेलं.

“तिला साक्षीला बोलावायचं नाही,” त्या म्हणाल्या.

मी समजावलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ती पोलिसांना सांगून आली, मॅजिस्ट्रेटना सांगून आली, कोर्टात अजून सांगायचंय. आता माझी नोकरी वाचावी म्हणून आणखी तीन पुरुषांसमोर? सर, नको.”

पोक्सोचं कलम ३३ विशेष न्यायालयालाच बजावतं की बालकाला वारंवार साक्षीसाठी बोलावू नये. मी आत जाऊन तेच मांडलं. सचिवांनी लगेच लिहायला सांगितलं, ‘कर्मचाऱ्याने महत्त्वाच्या साक्षीदारास नकार दिला.’ आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेची आहे, हे वाक्य मी इतिवृत्तात घालून घेतलं. पण खोलीतलं वारं फिरलं होतं, ते मला कळत होतं.

निकाल दोन विरुद्ध एक लागला. बडतर्फी. पहिल्या आरोपातला शुक्रवार ते सोमवारचा भाग सिद्ध धरून एक वर्ष वेतनवाढ रोखावी, असं मी भिन्नमत लिहिलं. पुरस्कारप्राप्त गुरुजी चांगले गृहस्थ आहेत. सही करण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाईंनी मुलीला वाचवलं, हे मला दिसतंय हो. पण उद्या पेपरात आलं की समितीने त्यांना सोडलं, तर?” त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी संपला, आणि तो परत येईल असं मला वाटत नाही. पुरस्कार मिळालेला शिक्षक समितीत बसवतात तो न घाबरता बघेल म्हणून.

शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या मुदतीत अपील केलं आहे. वकिलांचं म्हणणं, मुलीचं शपथपत्र मिळालं तर काम सोपं होईल. बाईंचं उत्तर तेच आहे.

मागच्या आठवड्यात मुलीच्या आजीने मला गाठलं. नात विचारते आहे, बाईंसाठी मी सांगितलं तर चालेल का. त्या दिवशी मी बाईंचं ऐकलं ते मला तेव्हा बरोबर वाटलं, आजही वाटतं. पण तिला विचारायचं राहिलं होतं, आणि आता तिने स्वतः विचारलं आहे. आजीला मी काहीच उत्तर दिलं नाही. बाईंना हे अजून माहीत नाही. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन सांगणार आहे.