ठकीचं पुस्तक

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी सव्वासातला सहकारनगरहून काकांचा फोन आला. "डॉक्टर, ठकीनं रात्रीपासून पाणीही सोडलंय. तुम्ही म्हणाला होतात ना, ते आज करू या." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

ठकी म्हणजे पर्वतीच्या पायथ्याशी सापडलेलं गावठी पिल्लू. आता वय पंधरा. तिची पहिली लस मीच टोचली होती. रोज पहाटे ती काकांबरोबर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायची. मागच्या वर्षी काका सहज बोलून गेले, "हल्ली निम्म्यावरच बसते." म्हणून रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन ३.९. निरोगी कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असतं. हा आकडा वाढलेला दिसतो तोवर किडनीचा बहुतेक भाग कामातून गेलेला असतो, आणि गेलेला भाग परत येत नाही.

तरी वर्ष काढलं. पथ्याचं जेवण आणि एक दिवसाआड कातडीखाली सलाइन. ते सलाइन द्यायला शिकल्या काकू, ज्यांनी ठकीला देवघराच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नव्हतं! बाटली खिडकीच्या गजाला अडकवायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि सुई घालायची. त्यांचा हात इतका हलका की ठकी कधी कळवळली नाही.

मी पोचले तेव्हा ती बाल्कनीच्या दाराशी गोधडीवर पडली होती. एरवी मला बघितलं की पलंगाखाली पळायची. आज हललीसुद्धा नाही. तोंडाला अमोनियासारखा उग्र वास, हिरड्यांवर जखमा. आता लांबवण्यात अर्थ नव्हता.

मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, ती झोपेल. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे मिटत नाहीत. नंतर एखादा श्वास आल्यासारखा वाटतो, अंग थरथरतं, लघवी होते, पण तिला त्यातलं काही कळत नसतं. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी एका घरी मी हे सांगितलं नव्हतं. कुत्रा गेल्यावर त्याची छाती एकदा वर आली आणि घरातला लहान मुलगा "जिवंत आहे, जिवंत आहे" म्हणत माझा हात ओढायला लागला. तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

"आम्ही इथंच थांबलो तर चालेल?" काकांनी विचारलं.

"थांबाच," मी म्हटलं. बघवत नाही म्हणून कितीतरी जण बाहेर जातात. त्यांना मी बोल लावत नाही. पण आत राहिलेलं जनावर दाराकडं बघत राहतं, ते मला बघावं लागतं.

काकू उठून आत गेल्या आणि दह्याची वाटी घेऊन आल्या. "बाहेर निघालेल्या प्रत्येकाच्या हातावर दही घालते मी. हिला देऊ का हो?"

वर्षभर दूधदही मीच बंद केलं होतं. म्हटलं, "द्या."

त्या गुडघे धरत फरशीवर बसल्या, दही स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि हात तिच्या नाकाशी नेला. ठकीनं हुंगलं. बराच वेळ नुसतं हुंगलं. मग जिभेचं टोक लावलं, एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा. उरलेलं दही काकूंच्या तळहातावर तसंच राहिलं. शेवटपर्यंत त्यांनी हात पुसला नाही.

काकांच्या मांडीवर डोकं ठेवूनच ती झोपली. पुढचं सगळं दोन-तीन मिनिटांत झालं. स्टेथोस्कोप लावून मी पूर्ण दोन मिनिटं ऐकलं आणि "गेली" म्हटलं. काका तिचा कान कुरवाळत होते, ते कुरवाळतच राहिले.

महापालिकेच्या दाहिनीकडं न्यायची गाडी यायला वेळ होता. काका कपाटातून तिचं लसीचं पुस्तक घेऊन आले. कडा कुरतडलेल्या, तिनंच पिल्लू असताना कुरतडलेल्या. पहिल्या पानावर पंधरा वर्षांपूर्वीचं माझं अक्षर.

"यात आजची तारीख घाला, डॉक्टर. एकही नोंद राहिलेली नाही आजवर."

मी तारीख घातली, सही केली. शेजारी 'पुढची तारीख' असा रकाना होता. काका बघत होते. मी तिथं आडवी रेघ ओढली आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.