अनवाणी पायांचं पझल

बहिणीने अमेरिकेतून येताना हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल आणलं आणि गेले तीन आठवडे आमच्या डायनिंग टेबलवर जेवण बंद आहे. चित्र विन्सलो होमरचं, १८७२ सालचं, ‘स्नॅप द व्हिप’. लाल रंगाची एका खोलीची शाळा, सुट्टी झालीये, नऊ पोरं हातात हात धरून सुसाट पळतायत आणि उजवीकडची एकदम पाय रोवून थांबतात, त्या हिसक्याने डावीकडच्या टोकाची दोघं धडपडतायत. आपला साखळीचा खेळ वेगळा, त्यात पकडापकडी असते, इथे सगळी गंमत शेवटच्या गड्याला भिरकावण्यात.

मधेच मला वाटलं बॉक्समध्ये भलतेच तुकडे आलेत, कारण नेटवर चित्र शोधलं तर मागे डोंगरच नाही, नुसतं आकाश, आणि मी दोन दिवस डोंगराशीच झुंजत होते. मग कळलं की त्याने हेच चित्र दोनदा काढलंय, डोंगरवालं मोठं ओहायोत यंग्सटाउनला आणि बिनडोंगराचं छोटं न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये. माझ्या नशिबी डोंगर.

हा होमर जन्माने बॉस्टनचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी, म्हणजे १८६१ ते ६५, एका साप्ताहिकासाठी आघाडीवर जाऊन सैनिकांची चित्रं काढायचा. सहा लाखांच्या वर माणसं गेली त्या युद्धात. ते सगळं बघून आल्यावर त्याला पोरांचा दंगा काढावासा वाटला, हे मला अगदी पटतं. पण तेव्हाच माणसं गावं सोडून शहरात जात होती, आणि १८७६ला फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा बघणाऱ्यांत अशी शाळा मागे टाकून आलेले कितीतरी असणार. सोडून आलेलं गावच भिंतीवर हवं असतं. आमच्या सोसायटीच्या लॉबीत बैलगाडीचं पेंटिंग आहे, आणि परवा खरा बैल गेटपाशी आला तर वॉचमनला तीन फोन गेले.

होमर तरी बरा, त्याच्या पोरांच्या कपड्यांना ठिगळं तरी आहेत. त्याच काळातला फ्रान्सचा चित्रकार बूगरो बघा. हेझलनट गोळा करून गवतात विसावलेल्या दोन मुली, १८८२चं चित्र, आता डेट्रॉइटला असतं. दोघी अनवाणी आणि पाय असे की आत्ताच पार्लरमधून आल्यात, कुठे माती नाही, ओरखडा नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी फ्रान्समध्ये सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं, म्हणजे खऱ्या मुलींना शाळेत बसवायचा कायदा आला आणि चित्रातल्या मात्र रानात लोळतायत. असली चित्रं अमेरिकेतले श्रीमंत हौसेने विकत घ्यायचे.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही सांगायला गेलं की ते हं हं करतात. ते रोज संध्याकाळी चहा घेऊन टेबलाशी येतात आणि त्यांचं एकच चालू असतं, ‘पोरं अनवाणी का गं?’ मी म्हटलं, दादा, ते मोकळेपणाचं लक्षण आहे, पायात काही नाही म्हणजे मनावर ओझं नाही. ते म्हणाले, ‘असं होय. आम्हाला कुणी सांगितलं नाही.’ सातवीपर्यंत दादांना चप्पल नव्हती. बाभळीचा काटा रुतला की रुईचा चीक लावायचा आणि तसंच लंगडत शाळेत जायचं, उन्हाळ्यात वाटेवर सावली शोधत उड्या मारत, आणि तो खेळ नव्हता. तरी नदीचं, बोरांचं, गुरुजींच्या सायकलचं सांगायला लागले की थांबत नाहीत, ते वेगळंच.

काल त्यांनी पहिल्यांदा स्वतः एक तुकडा उचलला. पायाचा होता, मी तो दोन दिवस शोधत होते. खिडकीपाशी नेला, चष्मा वर करून नीट बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

‘ह्याच्या टाचेला भेगा नाहीत,’ म्हणाले.