हॉटेल बांधतानाच त्याच्या पुढच्या वापराचा विचार

हिवाळी अधिवेशन आणि लग्नाच्या तिथी एकत्र आल्या की नागपुरात सीताबर्डीपासून वर्धा रोडपर्यंत हॉटेलची खोली मिळणे कठीण होते. मालक मग हीच गर्दी गृहीत धरून खोल्यांची संख्या ठरवतात. हॉटेलचा धंदा दहा-पंधरा वर्षांत बदलू शकतो, पण आरसीसीचा सांगाडा पन्नास वर्षे सहज उभा राहतो; त्यामुळे पुढे त्याच इमारतीत कार्यालये, वसतिगृह किंवा धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांत येणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी निवास करता येईल का, हे नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वीच विचारले पाहिजे.

वास्तुविशारद म्हणून माझ्या मते यातील सर्वांत महाग निर्णय भिंतींचा असतो. अॅल्युमिनियम शटरिंगमध्ये (काँक्रीट ओतण्याच्या साच्यांत), म्हणजे आपल्याकडच्या बोलीत मायवानमध्ये, भिंती आणि स्लॅब एकदमच ओतले जातात. काम झपाट्याने होते, प्लास्टर वाचते, पण खोल्यांमधली प्रत्येक भिंत भार पेलणारी होऊन बसते आणि पुढे दोन खोल्यांची एक करणे जवळजवळ अशक्य होते. त्याऐवजी साधारण ८.४ मीटरवर कॉलम ठेवले, तर त्यात हॉटेलच्या दोन खोल्या बसतात, तळघरात तीन गाड्या बसतात आणि वरच्या मजल्यावर उद्या कार्यालयाची मोकळी जागाही निघते. स्वच्छतागृहांचे संकन स्लॅब (पाइपांसाठी खाली उतरवलेले स्लॅब) मार्गिकेलगत एका ओळीत आणि डक्ट, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळ्या, बाहेरून उघडता येणारे असावेत; स्वच्छतागृह खिडकीकडे गेले की तो पट्टा कायमचा अडकतो.

वजनाचा हिशेबही सुरुवातीलाच करावा लागतो. इमारतींवरील भार सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ नुसार हॉटेलच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, तर फायलींसाठी वेगळी खोली नसलेल्या कार्यालयासाठी सुमारे ४००. हॉटेलचे पुढे रुग्णालय करण्याचे स्वप्न मात्र मी सहसा मोडूनच काढतो, कारण चाकांचा पलंग वळवायला साधारण २.४ मीटर रुंद मार्गिका लागते आणि ती सोडायला हॉटेलचा कोणताही मालक तयार होत नाही.

खरी ओढाताण मजल्याच्या उंचीवर होते, कारण कार्यालयाला हॉटेलपेक्षा उंच मजला लागतो. विमानतळाजवळ उंचीची मर्यादा असते. समजा ३० मीटर मिळाले, तर ३ मीटरचे दहा मजले होतात आणि ३.६ मीटरचे आठच. दोन मजले सोडा, असे सांगणाऱ्या वास्तुविशारदाला दुसऱ्यांदा कोण बोलावणार! ३.३ मीटरची उंची आणि खाली बीम न उतरणारा फ्लॅट स्लॅब, अशी तडजोड केली तर नऊ मजले मिळतात आणि कार्यालयही चालते. खिडक्या उघडणाऱ्या हव्यात, कारण पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वसतिगृहातील मुलांना केंद्रीय वातानुकूलन परवडणार नाही, कूलरच लावावे लागतील.

वापर बदललेल्या इमारतीचे जुने उदाहरण आपल्याकडेच आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ १८६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या वॉटसन्स हॉटेलचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमधून आला होता. हॉटेल बंद पडल्यावर त्याच सांगाड्यात छोट्या छोट्या खोल्या करून वकिलांची कार्यालये आणि छोटी दुकाने थाटली गेली. पुढे इमारत जर्जर झाली ती मुख्यतः देखभालीअभावी. म्हणून प्रत्यक्ष बांधकामाचे अंतिम नकाशे, पाइपांच्या मार्गांसह, मालकाच्या कपाटात राहतील अशी अट मी करारातच घालतो.