शेततळ्यातून द्राक्षबागेत गेलेलं यान

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी पाण्याखाली चालणारं छोटं यान बांधलं. जीपीएस पाण्याखाली पोहोचत नाही. म्हणून पाणबुडीची पद्धत धरली: जायरोने वळण मोजायचं, ॲक्सिलरोमीटरने त्वरण, त्यावरून वेग आणि वेगावरून अंतर. १९५८ साली अमेरिकेची ‘नॉटिलस’ पाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर गेली, तिच्यातही अशी यंत्रणा होती.

चाचणी दिंडोरीजवळ, मामांच्या शेततळ्यात. मामांची अट एकच, “तळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदाला ओरखडा पडता कामा नये रे.” यानाचे सगळे कोपरे फोमने गुंडाळले.

पहिल्या दिवशी यान दोरीला बांधून तळाशी नुसतं ठेवलं होतं. लॅपटॉपवर मात्र ते मिनिटभरात तीस मीटर लांब, थेट द्राक्षबागेत! दोन दिवस आम्ही कोड तपासत बसलो. कोड बरोबर होता. सेन्सर फक्त ०.१ अंश कललेला धरला गेला होता. एवढ्याशा कलाने गुरुत्वाकर्षणाचा बारीक अंश आडव्या दिशेत उतरतो, यंत्राला तो वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि अंतरातली चूक वेळेच्या वर्गाने वाढते. दुप्पट वेळ, चौपट चूक. हे पुस्तकात वाचलं होतं, पण अंगावर आलं ते तळ्याच्या काठावर.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची मूळची चूक मोजून ती वजा करणं. घरच्या ओट्यावर स्पिरिट लेव्हल लावून सेन्सर सहाही बाजूंवर ठेवला, प्रत्येक बाजूला पाच मिनिटं. तरी डिसेंबरच्या सकाळी आकडे पुन्हा सरकले, कारण खोलीत तापलेला सेन्सर गार पाण्यात वेगळं वाचतो. तेव्हापासून यान आधी वीस मिनिटं पाण्यात मुरू द्यायचं आणि मगच शून्य धरायचं, हा नियमच केला.

खरा फरक पडला थांबण्याने. तळाच्या तुलनेत यानाचा वेग मोजणारा डॉप्लर लॉग आमच्या ऐपतीबाहेरचा होता. त्याऐवजी दर पंधरा सेकंदांनी यान तळाशी टेकवायचं आणि कालमन फिल्टरला (मोजमापं जुळवून अंदाज सुधारणाऱ्या गणिताला) सांगायचं, आत्ता वेग शून्य आहे. साचलेली चूक तिथेच कापली जाते. पूर्ण फेरी मारून यान परत आलं तेव्हा आकड्यांत फरक होता जेमतेम दोन मीटर. मामा काठावर उकिडवे बसून स्क्रीन बघत होते.

दिशेची चूक मात्र यान थांबवल्याने जात नाही. पृथ्वी तासाला सुमारे १५ अंश फिरते, ते फिरणं ओळखून उत्तर शोधायला फायबर ऑप्टिकसारखा अचूक जायरो लागतो. आमच्या स्वस्त जायरोची स्वतःची घसरणच, म्हणजे न वळताही वळल्याचं दाखवणं, तेवढी आहे.