आठ बाइटांपायी नऊ दिवस

“लाइन ठीक आहे साहेब, स्पीड टेस्ट बघा ना.” जुलैत हे वाक्य मी केबलवाल्याकडून नऊ दिवस ऐकलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

मुलुंडच्या घरून दादरच्या सीए ऑफिसातल्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा टनेल, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी कुलूपबंद खासगी वाट, टाकायचा होता. रिटर्नचा हंगाम, घाई होती. सेटअप अर्ध्या तासात झाला. टनेलमधून पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं छोटं पॅकेट, जायचं; एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड देण्यासाठी, लॉगिनही व्हायचं. पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की स्क्रीन गोठायची. केबलवाल्याने पावसाला दोष देत जोड बदलला, मग राउटर बदलला. तोच लॅपटॉप घाटकोपरला मित्राकडे नेला, तर सगळं सुरळीत!

नवव्या रात्री बाहेरच्या एका सर्व्हरला ‘वाटेत पॅकेटचे तुकडे करू नको’ सांगून वेगवेगळ्या आकाराचे पिंग टाकत बसलो. १४७२ बाइटांचं अडलं. १४६४ गेलं. १४६५ पुन्हा अडलं. १४६४ मध्ये हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याच्या लेबलाचे, २८ मिळवले की १४९२. माझी लाइन पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डवाली. एका पॅकेटच्या नेहमीच्या १५०० पैकी ८ बाइट तिचेच.

वायरगार्ड प्रत्येक पॅकेटमागे आयपीव्ही४ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, ६० बाइट घेतं, नव्या आयपीव्ही६ वर ८०, म्हणून त्याचा नेहमीचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल मर्यादा, १४२०. मी सर्व्हरचा पत्ता नावाने दिला होता आणि जोडणी आयपीव्ही६ वरून होत होती. १४२० अधिक ८०, बरोबर १५००; माझ्या लाइनवर मावतात १४९२. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेट फोडत नाही. टाकून देतो आणि ‘पॅकेट मोठं आहे’ असा निरोप धाडतो. ऑफिसच्या फायरवॉलवर आधीच्या व्हेंडरने बाहेरून येणारं आयसीएमपी, म्हणजे असे निरोप ज्यातून येतात ते, सरसकट बंद केलेलं, त्यामुळे निरोप सर्व्हरपर्यंत पोचायचाच नाही. सुरक्षेच्या नावाखाली हे करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

दोन्ही टोकांना एमटीयू १४१२ केला. यादी सरसर खाली आली. रात्रीचे पावणेदोन वाजले होते, तरी बायकोला उठवून दाखवली.

एकाने वायरगार्डऐवजी जीआरई हा साधा टनेल सुचवला होता, आयपीव्ही४ वर २४ बाइटांत भागतं म्हणून. पण त्यात एन्क्रिप्शन नाही. वायरगार्डच्या स्वतःच्या ३२ बाइटांपैकी १६ पॅकेटमध्ये कुणी ढवळाढवळ केली का ते पकडतात, ८ चा काउंटर जुनं पॅकेट पुन्हा आत घुसू देत नाही. लोकांचे पॅन आणि पगार ज्यातून जातात, तिथे हे बाइट मी वाचवणार नाही.

आणि हो, वायरगार्डच्या ‘डब्ल्यूजी शो’ या कमांडमध्ये एंडपॉइंटचा, म्हणजे समोरच्या टोकाचा, पत्ता आयपीव्ही४ आहे की ६, ते पहिल्याच दिवशी बघा. मी नवव्या दिवशी बघितला.